बंदुकीचं औषध

पासली गावात परवान्याची बंदूक एकच, आणि ती आनंदरावांची. एकनळी, आज्याच्या वेळची. परवान्यावर कारण लिहिलं होतं, शेतपिकाचं संरक्षण. त्यांच्या बायकोची, रतनबाईची, या घरात हयात गेली, पण त्या बंदुकीनं पिकाचं संरक्षण केलेलं काही तिनं पाहिलं नाही. संरक्षण व्हायचं ते बंदुकीचंच.

त्याला कारण गंज. वेल्ह्याकडचा पाऊस ज्यानं खाल्लाय त्याला सांगायला नको. दाराची कडी, विळा, पत्र्याची पेटी, सगळ्यावर जो तांबूस रंग चढतो तो दिवाळीपर्यंत उतरत नाही. शेतात तण माजलं म्हणून आनंदरावांची झोप कधी उडाली नाही, पण नळीवर ठिपका दिसला की माणूस भरल्या ताटावरून उठायचा. विकतचं तेल त्यांना चालत नसे. औषध घरी करायचं. रेशनचं रॉकेल मिळत होतं तोवर रॉकेल आणि करंजेल. रॉकेल बंद झालं तसं डिझेल आलं, मग कापूर आला, मग टेम्पोच्या इंजिनाचं काळं तेल. अमावास्येला कालवायचं आणि पुनवेपर्यंत मुरवायचं, हा त्यांचा नेम. आणि कालवायला काय, तर रतनबाईची दूध तापवायची पातेली.

"आगं, वास जातोय नंतर," ते म्हणायचे.

वास गेला नाही. पातेलीच गेली.

एवढं कमी होतं म्हणून की काय, त्यांना जोडीदार मिळाला. रघुवीरसाहेब पुण्याचे, निवृत्तीनंतर पानशेतला बंगला बांधून राहिलेले. त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर होतं. कशासाठी, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. मोबाईलवर अमेरिकेतला कुणी टोपीवाला बघून ते टर्पेंटाइन, गिअरचं तेल आणि बायकोचं नखांचा रंग काढायचं पाणी एकत्र करायचे. दर रविवारी दोघं पडवीत बसून एकमेकांच्या बाटल्या हुंगत.

"कापूर जरा जास्त झालाय, आनंदराव."

"तुमचं लई पातळ हाय, सायेब. नळीला धरत न्हाई."

चहा रतनबाईनं करायचा. त्या चहालाही डिझेलचा वास यायला लागला, तरी दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

औंदा मात्र रतनबाईचा जीव एका खाचरात अडकला होता. भोरपलीकडच्या माहेराहून तिनं जुन्या आंबेमोहराचं बी आणलं होतं. बांधाखालच्या एकाच खाचरात लावलं, स्वतः लावलं, स्वतः खुरपलं. लहानपणी आई आधणात भात वैरायची तेव्हा त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तो वास एकदा आपल्या चुलीवर यावा, यापलीकडे तिला काही नको होतं. आश्विन लागला, दाण्यात दूध भरलं, आणि रानडुकरं उतरली. शेजारच्या सखूबाईचं अर्धं खाचर त्यांनी एका फेरीत लोळवलं.

"आवो, रानातल्या माळ्यावर बसा की बंदूक घिऊन," रतनबाई म्हणाली. "वर एक बार काढा. पळत्याल."

"नळी औषधात हाय."

दोन दिवसांनी तिनं परत विचारलं.

"आता वाळतीया."

आणखी दोन दिवस गेले.

"आता खंडेनवमीला पूजंला मांडायचीय. धुरानं काळी करून मांडू व्हय?"

रतनबाईला रडू आलं नाही, संताप आला. ज्या हातांनी खाचर लावलं त्याच हातांनी बंदूक विहिरीत टाकावी असं तिला वाटलं, आणि तिनं ते मनात चार वेळा केलंसुद्धा.

खंडेनवमीला आनंदरावांच्या पडवीत निम्मं गाव जमलं. पाटावर बंदूक, तिला झेंडूची माळ. नळी अशी चकाकत होती की बघणाऱ्यानं मिशी नीट करून घ्यावी. कडेला रतनबाईचा विळा आणि कोयता, गंजासकट. पाटाजवळ पातेलीत नवं औषध. रघुवीरसाहेबांनी यंदा आपला सगळा साठा त्यात ओतला होता, दोन परंपरांचा संगम म्हणून. आरती झाली, दिवस कलला, प्रसादाची वाटी फिरत होती. तेवढ्यात बांधावरून सखूबाई ओरडली.

"रतने! डुकरं! तुझ्या खाचराकडं वळली गं!"

सगळ्या माना आनंदरावांकडे फिरल्या. आनंदरावांनी बंदुकीकडे पाहिलं, घसा साफ केला.

"पूजंला मांडल्यालं हत्यार आज उचलत न्हाईत," ते म्हणाले. "उद्या दसऱ्याला बघू."

"परंपरा आहे शेवटी," रघुवीरसाहेब गंभीर होऊन म्हणाले. "माझंसुद्धा घरी पूजेतच आहे."

जमलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या. परंपरा सगळ्यांनाच सोयीची होती.

रतनबाईनं पातेली उचलली. पातेली कुणी पूजेला मांडलेली नव्हती. ओसरीवरचं गोणपाट टराटरा फाडलं, औषधात बुचकळलं, एक चिंधी दांडक्याला गुंडाळली, देवापुढच्या निरांजनावर धरली आणि धावत सुटली. मागून "आगं, औषध मुरतंय अजून ते!" असा आवाज आला. सखूबाई पत्र्याचा डबा बडवत येऊन मिळाली. कापूर, डिझेल, टर्पेंटाइन आणि नखांच्या रंगाचं पाणी पेटल्यावर जो धूर निघाला त्यानं माणसांचेही डोळे फुटायची वेळ आली. डुकरं तर अशी पळाली की ओढ्यापलीकडे जाऊनही थांबली नाहीत. उरलेल्या चिंध्या दोघींनी बांधावर खुंट्या ठोकून चहूकडं बांधल्या. तो वास महिनाभर हटला नाही, आणि डुकरंही फिरकली नाहीत.

आंबेमोहर घरात आला. वेल्ह्याच्या बाजारात आनंदराव छाती काढून सांगत होते, "आमच्या औषदानं डुकरं पळाली. फारमुला आमचा हाय." ऐकणारे ऐकत होते.

मग एक दिवस अवकाळी सर आली आणि नळीवर ठिपका उमटला. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर, पोलीस ठाण्यातल्या साहेबाला बंदूक दाखवायची होती. आनंदराव हवालदिल झाले. नवं औषध मुरायला वेळ हवा, आणि रघुवीरसाहेबांच्या बायकोनं नखांचं पाणी कुलपात घातलं होतं. उरलंसुरलं औषध रतनबाईकडे होतं. पुढच्या हंगामाला लागेल म्हणून तिनं ते बरणीत भरून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं, वर हळदकुंकवाची बोटं ओढली होती.

आनंदराव वाटी घेऊन चुलीपाशी आले. भात रटरटत होता, त्याचा वास बाहेर सखूबाईच्या दारापर्यंत गेला होता.

"चमचाभर दे गं. लई झालं तर दोन."

रतनबाईनं बरणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पूजंला मांडलंय," ती म्हणाली. "उचलत न्हाईत. ती वाटी ठिवा आन् ताट घ्या, भात झालाय."