महामायेचं मिनिट

चौथीतल्या महामायेनं उताऱ्यातलं पहिलं वाक्य स्वच्छ वाचलं आणि मान वर करून डिंपल मॅडमकडे पाहिलं. मॅडम गप्प. मग तिनं तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. मिनिट संपलं तेव्हा अर्धा उतारा बाकी होता.

संग्रामपूरजवळच्या त्या शाळेत नियम निघाला होता: शुक्रवारी जे मूल एका मिनिटात उतारा संपवणार नाही, ते वाचनाच्या तासाला दुसरीत बसेल. महामायेची धाकटी बहीण दुसरीतच होती.

डिंपल विज्ञानाची पदवीधर, नोकरीत नवीन. शब्द कुठेच अडत नव्हते, मग प्रत्येक वाक्य दोनदा का? तिनं महामायेच्या आईला, सिंधूताईंना विचारलं.

"वर्षावासात पावसाळाभर विहारात थेच ग्रंथ वाचते न, मॅडम," सिंधूताई म्हणाल्या. "वाक्य झालं का थांबते. बाया 'हाव, समजलं' म्हनतेत, मंग पुढे. कोनी बोललं नाही त पुन्हा वाचते. तुमी 'हाव' म्हटलं का?"

"नाही."

"मंग! पोरीले वाटलं, मॅडमलेच समजून नाही राह्यलं."

डिंपलला हसू आलं, पण शुक्रवार जवळ होता. तिनं महामायेला सांगितलं, "कोणासाठी थांबू नकोस."

महामायेनं एका दमात उतारा संपवला. मिनिटातले काही सेकंद उरले.

"शाब्बास! आता सांग, मुंग्यांनी घर का बदललं?"

महामाया कागदाकडे पाहत राहिली. "माहीत नाही, मॅडम. मी त वाचून राह्यली होती. आयकत कोन होतं?"

डिंपल मुख्याध्यापकांकडे गेली. वाचून झाल्यावर दोन प्रश्नही विचारू या, म्हणाली.

"वरून फक्त वेग मागितलाय, मॅडम. प्रश्नांना रकाना कुठं आहे?"

शुक्रवारी सकाळी महामायेनं विचारलं, "आज कसं वाचू?"

डिंपल म्हणाली, "आज भरभर वाच."

महामायेनं तसंच वाचलं. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहून मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. ती चौथीतच राहिली. जागेवर येताना मात्र तिनं मान खालीच ठेवली.

मधल्या सुट्टीत डिंपलनं हातातलं घड्याळ काढून टेबलाच्या खणात टाकलं आणि तिला व्हरांड्यात बोलावलं.

"तोच उतारा मला वाचून दाखव. मी ऐकतेय."

"पन मी पास झाली न?"

"झालीस. तरी वाच."

महामाया पायरीवर बसली. धाकटीलाही तिनं हाक मारली. मग एकेक वाक्य वाचू लागली, 'हाव'साठी दोघींच्या तोंडाकडे बघत.