एर्मेलिंदाची फुली

पिवळा पट्टा आणि त्याखाली लाल पट्टा, म्हणजे तुम्ही बरोबर चालला आहात. पट्टे एका बाजूला वळलेले असतील तर वळा. फुली असेल तर इकडे येऊ नका. एवढं कळलं की आमच्या पोंत द लिमा गावाभोवतीच्या सगळ्या सोप्या वाटा कोणालाही चालता येतात. डोकं लागत नाही, म्हणूनच ते पट्टे रंगवायचं काम माझ्या नवऱ्याला दिलंय, असं मी चारचौघांत म्हणायची. तोही हसायचा.

अल्बानो दगडाच्या खाणीतून निवृत्त झाला आणि दिवसभर माझ्या पातेल्यांची झाकणं उघडून बघायला लागला. शेवटी मीच त्याला ओदेतबाईंकडे पिटाळलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आता चालणाऱ्यांचं मंडळ चालवायच्या. त्यांना एक नवी सोपी वाट हवी होती, आज्यांना आणि बाबागाड्यांना झेपेल अशी. जुन्या पुलापासून निघायचं, चिनारांच्या सावलीतून नदीकाठाने देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं. अल्बानोने आखलेली वाट मात्र अर्ध्यातच नदी सोडून वर कोर्तिन्यास वाडीत चढली, एका फाटकासमोरून गेली आणि पुन्हा खाली उतरली.

"अल्बानो, ही सोपी वाट? चढ आहे की इथे," ओदेतबाई म्हणाल्या.

"चढ कसला बाई, उतारच आहे. फक्त उलट्या बाजूने."

बाई हसल्या आणि फसल्या. मी फसले नाही. ते फाटक एर्मेलिंदाचं होतं, त्याच्या थोरल्या बहिणीचं.

आई लवकर गेली, तेव्हा एर्मेलिंदानेच त्याला वाढवलं. लग्नसुद्धा केलं नाही तिने. बाप गेल्यावर घर आणि अर्धं अंगण तिच्या वाट्याला आलं, उरलेलं अर्धं अल्बानोच्या. पण साऱ्या अंगणावर आईने लावलेल्या द्राक्षवेलीचा एकच मांडव होता. अल्बानोने आपला भाग पोर्तो शहरातल्या एका माणसाला विकला. वेलीला हात लावणार नाही, असा त्या माणसाने शब्द दिला होता. घर बांधायला घेतलं त्याच आठवड्यात त्याने वेल हद्दीवरून सरळ कापून काढली आणि तिथे पोहायचा तलाव केला.

एर्मेलिंदा आमच्या दारात येऊन उभी राहिली. "आईला अर्धं कापलंस तू. आता माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

आणि त्याने ठेवलं नाही. दोघंही एकाच मातीची. हट्टाला पेटली की देव खाली उतरला तरी ऐकणार नाहीत. त्याने फक्त एक केलं. कापून रस्त्यावर फेकलेल्या वेलीची एक काडी उचलून आणली आणि आमच्या गच्चीत कुंडीत लावली. काडीला मुळं फुटली, पानं आली, वर्षं गेली. पाणी घालताना तो तिच्याशी बोलायचा. माझ्याशी त्याच्या निम्मंही बोलायचा नाही.

"तिथून वाट कशाला नेलीस?" मी विचारलं.

"त्या गल्लीत आता कोण आहे, मेना? सगळी फ्रान्सला गेली, पोर्तोवाला उन्हाळ्यापुरता येतो. घरांना कुलपं. ताई एकटी. जाणाऱ्या-येणाऱ्याचं लक्ष राहील. वरच्या खिडकीची झडप उघडी दिसली की कळेल, उठलीय म्हणून."

"मग तू जाऊन बघ ना."

"पाऊल ठेवू नको म्हणालीय."

"म्हणून लोकांची पावलं पाठवतोस होय?"

तो उठून गच्चीत वेलीला पाणी घालायला गेला.

पट्टे रंगवून आठवडा झाला नसेल, तोच दोन जर्मन बायका आमच्या कॉफीच्या दुकानात आल्या, चुकलेल्या, घामाघूम. फाटकाच्या खांबावर फुली होती म्हणाल्या, निळी. ऐकूनच मला हसू फुटलं. द्राक्षांवर मारायचं मोरचूद आणि चुना कालवून एर्मेलिंदाने माझ्या नवऱ्याच्या पट्ट्यांवर भलीमोठी फुली मारली होती.

नदीच्या वाळूत दर पंधरा दिवसांनी सोमवारी बाजार भरतो, तसा तो भरला. बाजार उरकून अल्बानो डबा-ब्रश घेऊन वर गेला आणि त्याने पुन्हा पट्टे काढले. पुढच्या बाजारापर्यंत पुन्हा फुली. मग ते ठरूनच गेलं. कोण जिंकतं यावर दुकानात लोक पैजा लावायचे. ओदेतबाई कपाळाला हात लावायच्या.

एर्मेलिंदा चालणाऱ्यांना पाणी द्यायची, संत्री द्यायची आणि वर निरोपही द्यायची. "त्या रंगाऱ्याला सांगा, पट्टा वाकडा झालाय. हात थरथरतो वाटतं." पुढच्या खेपेला अल्बानो मोजपट्टी घेऊन गेला. "रंग फार पातळ करतो. कंजूसपणा गेला नाही अजून." त्याने घट्ट रंग नेला. त्या निरोपांनी तो असा खुलायचा, की मला रागच यायचा.

"अरे, सरळ बोला की एकमेकांशी!"

"बोलतोच आहोत," तो म्हणाला.

एकदा बाजारात कांद्याच्या रोपांपाशी तीच भेटली. जुड्या उलटसुलट करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याचा खोकला कसा आहे?"

"त्यालाच विचारा."

"मी त्याच्याशी बोलत नाही." आणि दोन जुड्या जास्तीच्या घेऊन माझ्या टोपलीत टाकल्या. "रोपं खोल लावू देऊ नकोस. त्याला अक्कल नाही."

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. पाऊस लागून राहिलेला, लिमा नदी भरून वाहत होती आणि खालची वाट पाण्यात गेली होती. चालायला कोणी येईना. तरी बाजाराच्या सोमवारी अल्बानो रस्त्याने वर गेला. परत आला तो ओलाचिंब आणि चेहरा लहान मुलासारखा.

"मेना, फुली नाही!"

"म्हणजे?"

"मागचे पट्टे तसेच! खांब स्वच्छ. मी उभा राहिलो, शीळ घातली. झडप उघडी होती. कोंबड्यासुद्धा खुशीत होत्या, काय ओरडत होत्या! ताईने सोडलं गं, राग सोडला तिने."

"मग तसाच आत जायचंस की!"

"असा? रंगाने बरबटलेला, हात हलवत? नाही. रविवारी जाऊ. नीट."

त्या आठवड्यात त्याने केस कापले. बेकरीत केक सांगून ठेवला, एर्मेलिंदाला आवडतो तसा, मधे ओलसर. कुंडी धुतली, वेलीची वाळकी पानं खुडली. "ताईकडे वेल लावायला हाच महिना बरा," दर थोड्या वेळाने म्हणायचा. मी त्याला टोमणे मारत होते आणि शर्टाला इस्त्री करत होते. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला होता.

रविवारी देवळातली मिस्सा आटोपून आम्ही वर गेलो. तो कुंडी घेऊन, मी केक घेऊन. पट्टे अजून तसेच होते. झडप उघडी होती, पण पडदा बाहेर येऊन भिंतीवर लोंबत होता, पावसाने भिजलेला. कोंबड्यांचा आवाज नव्हता.

फाटक उंच, लाकडी. आतलं काही दिसत नाही. अल्बानोने हाक मारली, "ताई!" मग त्याने कुंडी खाली ठेवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत पाऊल टाकलं.

ती उरलेल्या अर्ध्या मांडवाखाली पडलेली होती, फाटकापासून हाकेच्या अंतरात. शेजारी घमेलं उपडं. ब्रश हातात. फरशीच्या फटींतून निळं पाणी वाहून वाळलं होतं.

अल्बानो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि आपल्या बाहीने तिच्या बोटांवरचं निळं पुसायला लागला. ते निघेना. "फुली मारायला निघाली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, राग सोडला."

डॉक्टरने त्याला सांगितलं, पडली तेव्हाच गेली, काही कळलंही नसेल. मला बाजूला घेऊन मात्र वेगळं सांगितलं. सोमवारी, तो बाहेर शीळ घालत उभा होता तेव्हा, ती अजून जिवंत होती. हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि मरेपर्यंत सांगणार नाही. पण कोंबडी ओरडली की माझ्या हातातलं काम तसंच राहतं.

वेल त्याने तिथेच लावली, मांडवाच्या तुटल्या बाजूला. ओदेतबाई हळूच म्हणाल्या, आता वाट खालून देवळाकडे सरळ नेऊ या. अल्बानो नाही म्हणाला. पुढचा बाजार झाला, तो ब्रश घेऊन वर गेला. त्याच्या पुढच्या बाजारालाही गेला. दोन्ही वेळा परत येऊन खुर्चीत बसला, बूट न काढता.

"पट्टे तसेच आहेत," म्हणाला.

मला ते बघवेना. मधल्या बुधवारी मी मोरचूद आणि चुना बादलीत कालवला, वर चढून गेले आणि त्याच्या सरळ, घट्ट रंगाच्या पट्ट्यांवर भलीमोठी फुली मारली. मारताना रडले, रस्त्यात, एकटीच.

सोमवारी तो उशिरा आला. बूट काढले, हात धुतले, टेबलाशी बसला आणि खूप दिवसांनी त्याने वाइन मागितली.

"फुली आहे," म्हणाला.

मी वाइनने भरलेली वाटी पुढे केली. माझ्या नखांत निळं राहिलं होतं. ते त्याने पाहिलं, माझा हात थोडा वेळ धरून ठेवला, मग सोडला.

"पट्टा वाकडा होता का गं?"

"होता," मी म्हटलं. "हात थरथरतो तुझा."

"पुढच्या वेळी सरळ काढतो," तो म्हणाला.