पुढची अखंड सीट

मी सीट बोलतेय. जुन्या मोटारीची, पुढची. हल्लीच्या गाड्यांत दोन सुट्या खुर्च्या असतात, तशी नव्हे; या दारापासून त्या दारापर्यंत सलग, एकच बैठक आणि एकच पाठ. कोणी मला बाक म्हणायचं, कोणी पलंग. मी कशालाच नाही म्हटलं नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मी भारी चौकस आहे. आणि सीटनं चौकस असणं ही शिक्षाच म्हणायची. माणूस आपल्याकडे पाठ करूनच बसतो. त्याचा चेहरा दिसत नाही आणि रस्ता त्याच्या आड जातो. मग मी वजनावरून ओळखायला शिकले. खोटं बोलताना माणूस किंचित पुढे सरकतो. भांडण झालेली दोघं आपापल्या दाराला चिकटून बसतात, मध्ये आणखी दोघं मावतील एवढी जागा सोडून. ज्याला घरी जायचं नसतं, तो गाडी थांबली तरी उठत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी लोखंडी चौकट, मग स्प्रिंगा, त्यांवर गोणपाट, त्यावर काथ्याचा थर, मग कापूस आणि सगळ्यावर ताणून बसवलेलं तपकिरी चामडं. सगळं झाल्यावर एक जाडजूड कामगार माझ्यावर धपकन बसला, दोनदा हलला आणि म्हणाला, "जाऊ दे हिला." माझी तपासणी ती एवढीच.

पहिला मालक कारखानदार होता. तो मागे बसायचा. पुढे ड्रायव्हर एकटाच. बारा वर्षं माझ्या उजव्या बाजूला ड्रायव्हर आणि डाव्या बाजूला त्याची छत्री. उजवीकडच्या स्प्रिंगा थकल्या, डावीकडच्या मात्र कोऱ्या करकरीत. इकडे कोण बसणार आहे, हा मला तेव्हापासूनचा प्रश्न.

मग गाडी विकली गेली आणि आमच्याकडे नकाशेवाला आला. तो नगरपालिकेत नकाशे काढायचा. ताडमाड उंच, पाय तर संपतच नसत. त्याच्याबरोबर त्याची बायको, शाळेत गाणं शिकवणारी. उंचीनं जेमतेम त्याच्या खांद्यापर्यंत. ती डावीकडे बसली आणि माझ्या कोऱ्या स्प्रिंगांनी आयुष्यात पहिल्यांदा कुरकुर केली. तिला हसू आलं. "अहो, ही गाते!" ती म्हणाली.

लग्नानंतर दोन वर्षांनी ती गाडी चालवायला शिकली. हात पक्का होता तिचा. अडचण एकच, तिचे पाय पोचेनात. खालचा दांडा ओढून तिनं मला पुढे सरकवलं, पण मी पडले अखंड. पुढे सरकायचं तर सगळीच्या सगळी. शेजारी बसलेल्या नकाशेवाल्याचे गुडघे हनुवटीला लागले. "आता मला घडी घालून डिकीत ठेव," तो म्हणाला. ती इतकी हसली, की गाडी कडेला घ्यावी लागली. परवाना मिळाला. पण दोघं मिळून निघाली की तोच चालवायचा, आणि एकटीनं कुठं जायचं तर शाळा पाच मिनिटांवर. हळूहळू तिचं चालवणं सुटलं. मलाही त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या लक्षातच आलं नाही.

पुढे मुलगी झाली. ती मागच्या सीटवर वाढली.

मुलगी सहा वर्षांची असताना गाणंवाली तापानं आजारी पडली. दोन आठवडे गाडीत आलीच नाही. आली ती वेगळीच बसायला लागली. डाव्या दाराला पाठ लावायची, उजवा पाय मुडपून माझ्यावर घ्यायची, उजवा खांदा माझ्या पाठीला टेकवायची आणि सगळा वेळ नवऱ्याकडे तोंड. रस्त्याकडे ढुंकूनही बघायची नाही.

झालं! माझी झोप उडाली. का बरं अशी आडवी बसते ही? आधी वाटलं, प्रेम. पण प्रेमात असलेलं माणूस अधूनमधून खिडकीबाहेरही बघतं. मग वाटलं, त्याच्या चालवण्यावर भरवसा नसेल. पण तशी माणसं रस्ता बघतात, चालवणाऱ्याचं तोंड नव्हे. मुलगी मागून ओरडायची, "आई, समोर बघ ना, चक्कर येईल." ती म्हणायची, "मला असंच बरं वाटतं." आणि हे म्हणताना ती किंचित पुढे सरकायची.

नकाशेवाला मात्र खूश. मित्राला एकदा सांगत होता, "आमची ही अजून माझ्याकडेच बघत बसते बरं का."

सव्वीस वर्षं ती तशी बसली.

दोघंही निवृत्त झाली. माझ्या उजवीकडच्या तीन स्प्रिंगा तुटल्या, चौथी चामड्यातून वर यायला बघत होती. नकाशेवाल्याची कंबर धरली. तास-दीड तास चालवलं, की उतरताना त्याला दार धरून उभं राहावं लागायचं. मुलगी आता हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायची. तिनं एक दिवस माझ्यावर हात दाबून बघितला आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या पाठीची वैरीण ही. काढून टाका. दोन सुट्या सीट बसवू, डोक्याला आधार असलेल्या, पट्टे असलेल्या."

वैरीण! पंचेचाळीस वर्षांची सेवा, आणि वैरीण. वाईट वाटलं. पण लागलीच दुसरा विचार आला: माझ्या जागी येणार कोण?

आम्ही स्प्रिंगकाकाच्या कारखान्यात गेलो. स्प्रिंगकाका म्हणजे गाड्यांच्या सीट शिवणारा म्हातारा कारागीर. कोणतीही सीट आली की आधी अंगठ्यानं एकेक स्प्रिंग दाबून बघायचा, म्हणून ते नाव. त्यानं माझे चार नट सोडवले आणि त्याच्या दोघा कामगारांनी मला उचलून बाहेर फरशीवर ठेवलं. त्या दिवशी मी माझी गाडी बाहेरून पहिल्यांदा बघितली. निळी, गोल पाठीची, चांगलीच देखणी. पंचेचाळीस वर्षं मी हिच्या पोटात होते आणि मला पत्ताच नव्हता.

फरशीवर माझ्या वारसदारांची रांग लागली होती. पहिली जोडी कुठल्यातरी वेगवान गाडीची; दोन्ही बाजूंना उंच कडा, मध्ये खड्डा. नकाशेवाला बसला तो आतच गेला. "उठायला दोरी टाका रे," तो म्हणाला. दुसरी जोडी कडांना कमी, पाठीला ताठ. ही मुलीला पसंत पडली. तिनं आई-बाबांना शेजारी शेजारी बसवलं, गाडीत बसतात तसं. बाबा उजवीकडे, आई डावीकडे. गाणंवालीनं सवयीनं उजवा पाय वर घ्यायला बघितलं, पण कड आडवी आली. पाय खाली ठेवून ती समोर बघत बसली, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी अवघडून.

पलीकडे शिलाई मशीन घरघरत होतं. नकाशेवाल्यानं उजवीकडून विचारलं, "काय गं, पाठ टेकते का?"

"आठ? आठला नको," ती समोर बघतच म्हणाली, "नऊला निघू."

मुलगी हसली. "आई, पाठ म्हणतायत बाबा, पाठ!"

गाणंवालीही हसली, पण उशिरा.

स्प्रिंगकाका तेव्हा माझं चामडं उसवत होता. त्याचा हात थांबला. माझ्या मधोमध पडलेल्या खळग्यावरून त्यानं अंगठा फिरवला, मग पाठीवरच्या गुळगुळीत झालेल्या डागावरून. तो उठला, मशीन बंद करायला लावलं आणि गाणंवालीसमोर येऊन उकिडवा बसला.

"ताई, या सीटवर पंचवीसएक वर्षं कोणीतरी आडवं बसलंय. गुडघा इथं, खांदा इथं." मग आपल्या कानाला बोट लावून हळूच म्हणाला, "माझा डावा गेलाय, घण ठोकून ठोकून. तुमचा कोणता?"

गाणंवाली स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"उजवा," ती म्हणाली. "त्या तापात गेला."

आणि माझं सव्वीस वर्षांचं कोडं सुटलं. ती नवऱ्याला बघत नव्हती. त्याचे ओठ वाचत होती आणि जमेल तेवढा डावा कान त्याच्याकडे आणत होती. गाडीतून उतरून चालायला लागली की ती नेहमी त्याच्या उजव्या हाताला जायची, तेही त्यासाठीच. गाडीत तेवढी बाजू बदलता येत नव्हती.

"सव्वीस वर्षं?" नकाशेवाला म्हणाला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"शाळेत कळलं असतं तर गाण्याचा वर्ग काढून घेतला असता माझ्याकडून."

"मी शाळेबद्दल विचारत नाहीये."

"तुम्ही काळजीपोटी मला घरी बसवलं असतं."

"नसतं बसवलं."

"बसवलं असतं."

तो उठला, कमरेवर हात धरून गाडीपाशी गेला आणि तिच्या रिकाम्या पोटात डोकावला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "घरी चला." मुलीच्या गाडीत बसून तिघं निघून गेली. सीट ठरलीच नाही.

आता माझी दशा बघा. आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं दुसऱ्याच्या गाडीत होणार आणि मी इथं फरशीवर, उसवलेली! आठ दिवस मी तळमळत होते. बोलले असतील का? की दाराला चिकटून बसले असतील?

नवव्या दिवशी तिघं परत आली. मी आधी नकाशेवाल्याची पावलं बघितली. दारातून आत येताना तो मुद्दाम वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आला. आणि बोलायला लागला तो एवढ्या मोठ्यानं, की खिळ्यांचा डबा हादरला.

"अहो, ओरडू नका," गाणंवाली म्हणाली. "मी अर्धीच बहिरी आहे."

म्हणजे बोलले होते तर!

मुलीनं बरोबर यादी आणली होती. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं होतं. गेलेला कान यायचा नव्हता. मग आईसाठी कडा नसलेली सपाट सीट हवी, थोडी तिरकी बसवता येईल का, पण पट्टा तर लागलाच पाहिजे, आणि तिरक्या सीटला पट्टा कसा... स्प्रिंगकाका डोकं खाजवत होता. नकाशेवाला कागदावर आकृती काढून दाखवत होता. त्यांचं बराच वेळ चाललं होतं.

"मी चालवते," गाणंवाली म्हणाली.

तिघंही थांबली.

"म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"मी उजवीकडे बसले, की हे माझ्या डाव्या कानाला येतात. यांच्या कमरेला चालवणं सोसत नाही. एवढी आकृती कशाला काढताय?"

"पण आई, तुला कुठं येतं?"

"तुझ्या जन्माआधी येत होतं. परवाना दर वेळी नवा करून घेतलाय मी."

"कशासाठी?"

"असू दे म्हणून. एका कानानं चालतं का, तेही डॉक्टरांना विचारलंय. आरसे नीट लावा म्हणाले."

"मग तेव्हा सोडलंस का?" नकाशेवाल्यानं विचारलं.

तिनं फरशीवर माझ्याकडे बोट दाखवलं. "ही पुढे आली की तुमचे गुडघे हनुवटीला लागायचे. किती दिवस घडी घालणार तुमची?"

त्या बोटानं मी पार ओशाळले. पलंग म्हणून मिरवत होते मी, दोघांना एकत्र बसवते म्हणून. आणि माझ्या अखंडपणापायीच ही बाई सव्वीस वर्षं चुकीच्या बाजूला बसली होती! दोन सुट्या सीट असत्या, तर एक पुढे गेली असती, दुसरी मागे राहिली असती. मुलगी मला वैरीण म्हणाली तेव्हा तिनं कारण तेवढं अर्धंच सांगितलं होतं.

मग निवड पटकन झाली. त्याच काळच्या, भंगारात निघालेल्या एका गाडीच्या दोन सीट स्प्रिंगकाकानं माळ्यावरून काढल्या; दोन्ही वेगवेगळ्या सरकणाऱ्या. डावीची पाठ मागे कलती केली, नकाशेवाल्याच्या कमरेसाठी आत कडक गादी भरली. उजवीखाली दोन इंच उंचीची चौकट जोडली. गाणंवालीला चारदा बसवून, पाय दाबायला लावून, समोरचा रस्ता दिसतो का ते विचारून मगच नट आवळले. मुलीच्या मनासारखे पट्टे लागले, डोक्याला आधारही. कापड गाणंवालीनं निवडलं, शेवाळी रंगाचं, जाड विणीचं. नकाशेवाला म्हणाला, "तपकिरी घेऊ या ना, आधीसारखं." ती म्हणाली, "आधीसारखं कशाला?"

गाडी निघाली तेव्हा मला दाराशी भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पहिला झटका बसला, गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. मुलगी डोळ्यांवर हात घेऊन उभी. तिसऱ्यांदा निळी गाडी सावकाश गल्लीत उतरली. मागच्या काचेतून मला दोघांची डोकी दिसत होती. नकाशेवाला तिच्याकडे वळून काहीतरी सांगत होता, हातवारे करून. तिचं डोकं सरळ होतं, नजर समोर रस्त्यावर. आणि त्याच्याकडे न बघता ती काहीतरी बोलली. तो मान मागे टाकून हसला.

गाडी कोपऱ्यावरून वळली. मी आता स्प्रिंगकाकाकडेच असते. त्यानं मला शिवून, तुटक्या स्प्रिंगा बदलून, खाली चार लाकडी पाय लावून भिंतीशी ठेवलंय. सीट निवडायला येणारी गिऱ्हाइकं माझ्यावर बसून वाद घालतात. कोण कसं बसतं, कोण कोणाकडे वळतं, ते मी स्प्रिंगकाकाला सांगू शकत नाही, पण तो अंगठ्यानं दाबून बरंच ओळखतो. माझं बरं चाललंय.

फक्त एक राहून गेलं. ती काय बोलली, ते मला ऐकू आलं नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी सिग्नलला तुमच्या शेजारी एक निळी, गोल पाठीची जुनी गाडी येऊन थांबली, एक बुटकी बाई चालवत असली आणि शेजारी एक लांबलचक माणूस पाय पसरून बसला असला, तर तुमची काच जरा खाली करा. दोघं काय बोलतात ते ऐका, आणि इकडून जाताना मला सांगून जा. बातमी शिळी असली तरी चालेल.