पाणी न पिणारा कापूस

लग्न होऊन सतरा वर्षं झाली तरी मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. सुनेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि सासऱ्यासमोर गप्प राहायचं, हे आमच्याकडे शहाद्याच्या बाजूला सगळ्याच घरांत होतं. पण एका घरात राहायचं म्हणजे मीठमिरची, पाणी, पाहुणे हे बोलावंच लागतं. म्हणून आमची बोलणी म्हशीच्या मार्फत चालत.

आबा गोठ्याच्या दाराशी बाजेवर बसत आणि म्हशीला म्हणत, "बांडी, आज दाळमा मीठ पडनंच नही."

मी आतून म्हणायची, "बांडी, मीठ ताटमा वाढेल शे म्हना. नजर दुसरीकडे व्हती त कोन काय करी?"

बांडी दोघांचं ऐकून रवंथ करायची. माझी सासू सुंदरबाई मात्र आबांशी थेट बोलायची. इतकं थेट, की आबांना कधीकधी म्हैस बरी वाटत असावी.

ही गोष्ट बासष्ट सालची. त्या हिवाळ्यात आबांनी शहाद्याचा बाजार सोडला. आमचे आबा म्हणजे हिंमतराव पाटील. कापसाची बोंडं दोन बोटांत धरून तार ओढायचे आणि डोळे मिटून सांगायचे, हा कोणत्या रानातला, कितव्या वेचणीचा. व्यापारीसुद्धा त्यांना हात लावून बघायला सांगत. असा माणूस घरी बसून राहिला. विचारलं तर म्हणत, "गुडघा दुखस."

आता, गुडघा दुखणाऱ्या माणसाचं धोतर दिवसातून चार वेळा दोरीवर का दिसावं? तेही त्यांनी स्वतः धुतलेलं, पिळलेलं, सगळे शेतात असताना वाळत घातलेलं. शिवाय त्यांनी पाणी पिणं जवळजवळ टाकलं होतं. तांब्या भरून ठेवला की संध्याकाळी तसाच भरलेला.

सासूबाईंनी एकदा ओट्यावरच विचारलं, "काय हो, तुमना गुडघाले पानी सुटस का?"

आबा उठले आणि गोठ्यात गेले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या दुखण्याला गुडघाच म्हणायचं ठरलं. ठरवलं कुणीच नाही, ठरलं.

तसंच चाललं असतं. पण माघात माझ्या तापीचं जमलं. मुलाकडचे रनाळ्याचे, भटू पाटलांचा नातू. साखरपुडा त्यांच्या घरी. आणि आमच्यात अशी पद्धत, की दोन्हीकडच्या सगळ्यांत वडील माणसांनी एका गादीवर शेजारी बसायचं. नारळ बदलले जाईपर्यंत त्यातल्या एकट्यानं उठायचं नाही. एकजण मधेच उठला, तर त्याच्या बाजूला सोयरीक पसंत नाही, असा अर्थ लोक काढतात. तीन तास तर सहज जातात. गादीवर पांढरीशुभ्र चादर असते.

आबा म्हशीला म्हणाले, "बांडी, साखरपुडाले भिला जाई. माले गुडघा शे."

भिला म्हणजे माझे मालक, आबांचा एकुलता एक. आजोबा जिवंत असताना बाप गादीवर बसला, तर रनाळेकर काय समजतील ते सांगायला नको. तापीनं दोन दिवस पोळी धड खाल्ली नाही. आजोबांना मी नकोशी झाले का, असं तिनं मला विचारलं. मी तिला काय सांगणार? गुडघा, म्हणाले.

त्या रात्री मी मालकांना म्हटलं, तुम्ही बोला त्यांच्याशी. ते म्हणाले, "मी कसं बोलू? बाप शे तो." म्हणजे बाप असल्यामुळे मुलानं बोलायचं नाही, सासरा असल्यामुळे सुनेनं बोलायचं नाही, आणि बायको बोलली की ते गोठ्यात जाणार. उरली बांडी.

दुसऱ्या दिवशी मी शेण काढता काढता बांडीला म्हणाले, "लंगोटमा ठेवाले जाड घडी शिवी देऊ का? बाया लेकराले शिवतीस तशी. कोनले समजाव नही."

बाज करकरली. मग आबा म्हणाले, "बांडी, नाडा पुढे पाहिजे. मांगे हात जास नही."

म्हणजे होकार.

पहिली घडी मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची केली, सात पदरी. कापड मऊ, पण लाल. पांढऱ्या धोतरातून लाल दिसतं म्हणून आबांनी ती बांडीच्या पाठीवर टाकून परत केली. दुसरी केली गोधडीच्या तुकड्याची. ती पाणी धरायची, पण आबा बसले की एका अंगाला कलायचे, आणि मांडीला काच पडला. तिसरी मालकांच्या जुन्या धोतराची. बसायला सुखाची, बाहेरून दिसायचीही नाही, पण तासाभरातच भिजून गेली.

तेव्हा आबांचा अभिमान जागा झाला. "बांडी, घरमा शंभर मन कापूस पडेल शे अन् हाई बाई चिंध्या जोडी ऱ्हायनी."

आणि स्वतः कोठीत गेले. ढिगात हात घालघालून दुसऱ्या वेचणीचा कापूस काढला, तार ओढून बघितली, एकेक सरकी हातानं वेगळी केली. दोन दिवस हेच काम. असा कापूस त्यांनी व्यापाऱ्यालाही कधी निवडून दिला नसेल. मी तो धोतराच्या कापडात भरून सुंदर घडी शिवली. आधी पाणी ओतून बघू का, असं मी बांडीला विचारलं. आबांना तो कापसाचा अपमान वाटला.

घडी बांधून ते ऐटीत ओट्यावर जाऊन बसले. समोरून मंगलाबाई चालली होती, आमची शेजारीण. तिला त्यांनी महिन्यानं हाक मारली, तिच्या गुराढोरांची विचारपूस केली. आणि मग एकदम गप्प झाले. मंगलाबाई गेली तरी उठेनात. मी समजले. सासूबाईंना घोंगडी घेऊन पाठवलं, तेव्हा घोंगडी गुंडाळून आत आले.

दुपारी मी परसात गेले तर आबा परातीत पाणी घेऊन बसले होते. त्यांनी त्यांच्या कापसाचा एक पुंजका पाण्यावर ठेवला होता. तो तरंगत होता, बदकासारखा. बोटानं खाली दाबला की वर यायचा आणि वरून कोरडाच. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी त्याच्यावरून घरंगळत होतं.

"मन्हा कापूस पानी पेस नही," ते म्हणाले. या वेळी बांडीलाही नाही, नुसतं परातीला.

पन्नास वर्षं कापूस पिकवला, विकला, त्यावर घर बांधलं, आणि त्याला पाण्यात टाकून कुणी पाहिलंच नव्हतं. कशाला पाहील? आम्ही तर तो पाण्यापासून वाचवण्यातच जन्म घालवतो. धोतर ओलं झाल्याचं त्यांना एवढं लागलं नसेल, एवढं हे लागलं. "राहू दे," म्हणाले, "भिलाच जाई."

पण मला आठवत होतं, की पाणी पिणारा कापूस मी पाहिला आहे. मालकांच्या पायाला गळू झालं होतं तेव्हा चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात. निळ्या कागदात गुंडाळलेला, लावताक्षणी सगळं ओढून घेणारा. डोळे दाखवायचे असं घरी सांगून मी नंदुरबारहून गाडीत बसले आणि चिंचपाडा गाठलं. सोबत आबांचा कापूस पदरात बांधून नेला होता.

तिथल्या सिस्टरनं तो हातात घेतला, बशीत टाकला आणि हसली. "छान आहे हो कापूस. पण अंगाला तेल लावून बसलाय. झाडावरच्या कापसाला मेण असतं. सोड्यात उकळा चांगला, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग पितो की नाही बघा."

आणखी तिनं सांगितलं, की अंगाकडे जुनं मऊ कापड ठेवा, मध्ये कापूस, खाली जाड कापड. दर दोन-तीन तासांनी बदला, कातडी धुऊन कोरडी करा. पाणी पिणं बंद करू देऊ नका, आणि डॉक्टरांना एकदा दाखवा. "कुणासाठी हवंय?" तिनं विचारलं.

"म्हशीला," असं माझ्या तोंडून जाणार होतं. "सासऱ्यांना," म्हणाले.

घरी तेव्हा साखरपुड्याचे पापड चालले होते. सोडा होताच, पापडखार. मोठ्या पातेल्यात कापूस आणि पापडखार घालून दुपारभर उकळत ठेवला. पाणी चहासारखं झालं. मंगलाबाई पापड लाटता लाटता म्हणाली, "काय रांधी ऱ्हायनी वं? भाताले इतला येळ?"

सासूबाई म्हणाल्या, "गुडघानं औषध शे."

"आनि कोन पेस ते?"

"कोनी पेस नही. तेच पेस."

मंगलाबाईनं पुढे विचारलं नाही. सासूबाईंच्या बोलण्याचा अर्थ लावत बसू नये, हे तिला माहीत होतं.

पाच पाण्यांतून धुतला, उन्हात वाळवला, बोटांनी मोकळा केला. परात पाण्यानं भरून मी ती बाजेपाशी ठेवली आणि शेजारी कापूस ठेवून आत गेले. दाराच्या फटीतून पाहिलं. आबांनी पुंजका पाण्यावर ठेवला. ठेवला न ठेवला तोच खाली गेला. त्यांनी दुसरा टाकला. तोही गेला. मग सगळेच टाकले, लहान पोरासारखे. मला परत सगळे वाळवून मग घड्या शिवाव्या लागल्या.

साखरपुड्याला आबा आले. नंदुरबारहून रनाळ्याची एस.टी. खड्ड्याखड्ड्यानं गेली, आबा खिडकीपाशी ताठ बसले होते. रनाळ्यात पोचल्यावर घडी बदलली. गादीवर मांडी घालून बसले, चहा घेतला. मग सरबतही घेतलं, ते पाहून बायकांच्या दाराआड मी मनात तास मोजले. आबांनी पेला खाली ठेवला आणि मिशी पुसली.

पण चुळबूळ दुसऱ्याच बाजूला सुरू झाली. भटू पाटील, मुलाचे आजोबा, आधी या मांडीवर, मग त्या मांडीवर. कपाळाला घाम. ब्राह्मणाचं काही आटपेना. शेवटी त्यांनी गादीवर हात टेकला आणि गुडघा उचलला. मांडवातली कुजबूज एकदम थांबली. तापी पाटावर बसली होती, तिनं मान वर केली.

आबांनी भटू पाटलांकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तेही हात टेकून उठले, भटू पाटलांच्या आधीच उभे राहिले, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चला पाटील. म्हातारा गुडघा शेतस. दोन्ही जन मोकळा करी येऊत."

एकट्यानं उठायचं नाही अशी रीत. दोघांनी उठायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. दोन्ही आजोबा हातात हात घालून गोठ्याकडे गेले. परत यायला बराच वेळ लागला. आले तेव्हा भटू पाटील हसत होते. नारळ बदलले, तापीच्या ओटीत साखर पडली.

दुसऱ्या दिवशी मी शेण काढत होते. आबा बाजेवर होते, तांब्या अर्धा झाला होता.

"सूनबाई," ते म्हणाले.

मी बांडीकडे पाहिलं. मग लक्षात आलं, तिचं नाव सूनबाई नाही.

"भटू पाटीलले दोन घड्या शिवी दे. कंबर मन्हापेक्षा जाडी शे त्यानी."

सतरा वर्षांनी काय बोलावं हे काही मी ठरवून ठेवलं नव्हतं. पदर पुढे ओढला आणि जे सुचलं ते बोलले.

"नाडा कोन्ता बाजूले पाहिजे, इचारा त्यासले."

"इचारेल शे मी," आबा म्हणाले. "डावा."