एक हात, दहा सेकंद

माझ्या नातीने, इलाने, जुना कॅम्पर घेतला, ट्रकसकट. म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसवायचं एवढंसं घर. आत पलंग, शेगडी, भांडी घासायला चिमुकलं सिंक. वयाने इलापेक्षा मोठं. ती म्हणाली, "आजी, शनिवारी पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात. चार दिवस, तू आणि मी."

इथे एडिसन गावात वीस वर्षं काढली, पण जंगल पाहिलं ते हायवेवरून. मी त्याच दुपारी बॅग भरली.

पण कॅम्परचं दार अडकायचं. माझा मुलगा सुमंत बघायला म्हणून आत गेला, दार लावलं आणि बसला आतच. पाच मिनिटांनी लाथा घालून, घामाघूम होऊन बाहेर आला.

"आत गॅस आहे, आई. आग लागली तर? तुला आतून एका हाताने, दहा सेकंदांत दार उघडता आलं तरच जायचं. नाहीतर ट्रिप कॅन्सल."

"अरे, भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये आमचं दार इतकं फुगायचं, की माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाला खिडकीचे दोन गज वाकवून बाहेर काढलं. मुंडावळ्या गजांना अडकल्या. भटजींनी घाईत त्या गजांवरच अक्षता टाकल्या."

"आजी, इज दॅट ट्रू?" इलाने विचारलं.

"सत्तर टक्के."

सुमंत हसला नाही. "एक हात. दहा सेकंद."

गुरुवारी इलाने सँडपेपर आणला, दाराची कड सगळीकडून घासायला. मला वेगळीच काळजी. या मुलीने गाडी घेतली अमावस्येला! ती फोनवर बोलायला घरात गेली तशी मी अगरबत्ती लावली, कुंकू कालवलं आणि चौकटीला आतून चारी बाजूंनी ओला पट्टा ओढला. मग बाहेर येऊन दार लावलं आणि हात जोडले. दोन मिनिटांत काम फत्ते.

इलाने येऊन दार हिसडून उघडलं आणि किंचाळली. "आजी! व्हॉट इज धिस? सगळं रेड!"

मी आपला गरीब चेहरा केला. पण ती गुडघ्यावर बसली. "वेट. सगळं नाही. दाराला फक्त इथे लागलंय." हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा लालभडक, बाकीची कड कोरी. "म्हणजे दार तिथेच घासतंय. फुगलेलं नाहीये, खाली झुकलंय. वरची बिजागरी लूज असणार!"

"मग? मी कुंकू उगीच लावलं? हेच शोधायला लावलं."

"यू आर लायिंग."

"थोडंसं."

वरच्या बिजागरीचे स्क्रू बोटाने फिरत होते. आतल्या लाकडाची भोकं झिजून मोठी झालेली. इला म्हणाली, भोकांत लाकडाच्या काड्या आणि ग्लू भरायचा, म्हणजे स्क्रूला पकड मिळते. टूथपिक आणायला निघाली दुकानात. मी तिचा हात धरला, देवाजवळचा अगरबत्तीचा पुडा काढला, सुरीने मसाला खरवडला. खाली उरली बांबूची काडी. दोघींनी काड्या ग्लूत बुडवून भोकांत ठासून भरल्या, दाराखाली लाकडी पाचर सारली आणि रात्रभर तसंच ठेवलं.

शुक्रवारी सकाळी इलाने स्क्रू आवळले, पाचर काढली. दार नखभर वर आलं होतं. लावलं, तर टक् करून बसलं. अख्ख्या कॅम्परला मोगऱ्याचा वास.

शनिवारी सुमंत हातात कॉफी धरून परीक्षा घ्यायला आला. मी आत, तो बाहेर, फोनवर सेकंद मोजत.

"स्टार्ट!"

मी पलंगावर बसून राहिले. "आई गं… मेले रे…" असं विव्हळले. दोन लाथा हवेत मारल्या, एक भिंतीला.

"आई? जोर नको लावू! आई, थांब, मी उघडतो!"

त्याचा हात हँडलला लागायच्या आत मी करंगळीने आतलं हँडल दाबलं. दार लोण्यासारखं उघडलं, सुम्या मागे उडाला आणि कॉफी शर्टावर.

"किती झाले रे?"

"आठ," तो शर्ट झटकत म्हणाला. इला ड्राइव्हवेवर फतकल मारून हसत होती. शेवटी तोही हसला. "नाटकी आहेस, आई."

मग घरात जाऊन त्याने माझी बीपीची औषधं आणि जाड स्वेटर आणला, आणि पुढच्या सीटवर माझा बेल्ट स्वतः लावला. "रोज फोन करायचा."

"अस्वल दिसलं तर व्हिडिओ कॉल करीन. त्याच्याशी बोल."

"आई, अस्वल?"

मी हळूच इलाला म्हटलं, "चल गं, काढ गाडी. याचा विचार बदलायच्या आत."