ग्यानबाचं दार

दुष्काळात गिट्टी फोडायला आलेली माणसं पाऊस पडला की आपापल्या गावी परत जातील, असं आमच्या पालिकेतल्या शहाण्यांनी गृहीत धरलं होतं. जाणार कुठे? इंझोरीकडच्या, कामरगावकडच्या या मजुरांची घरं पडली होती, ढोरं विकून झाली होती. बसस्टँडमागच्या पडीक जागेवर त्यांनी कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, पऱ्हाट्यांच्या भिंती उभ्या केल्या, वर गवत टाकलं, शेणामातीनं लिंपलं आणि राहिले. मीही तिथेच राहायचो. कंदील-स्टोव्ह दुरुस्त करणारा युसूफ म्हणून सारं गाव मला ओळखायचं.

चौऱ्याहत्तर साली महागाईनं सगळ्यांचं कंबरडं मोडलेलं असताना पालिकेला शहर सुधारायची हुक्की आली. आमच्या जागेवर दुमजली बाजार होणार होता. कोणत्या शेठला कोणता गाळा, हेही ठरून गेलं होतं. जागा मोकळी करायचा ठेका रतनसिंगला मिळाला होता. आम्ही मोर्चे काढले, पालिकेच्या पायऱ्यांवर उन्हात बसलो, लाठ्या खाल्ल्या. सगळ्यात पुढे असायची गोमतीबाई. ती बोलायला लागली की अध्यक्ष मागच्या दारानं पळायचा.

तिला दुसरा इलाजच नव्हता. दुष्काळी कामावर सुरुंग उडाला तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, ग्यानबाच्या कमरेवर दगड पडला होता. तेव्हापासून तो खाटेवर. कूस बदलायलाही त्याला तिचा हात लागायचा. ही झोपडी गेली तर त्याला ठेवायचं कुठे, एवढं एकच ती सगळ्यांना विचारायची.

झोपड्या पाडायला येणार अशी खबर लागली, तेव्हा युक्ती तिनंच काढली. त्यांच्या गावाकडे एक रीत होती. भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या तरी चुलीवर अन्न शिजत असलेल्या घराच्या भिंतीला कोणी हात लावत नसे. रतनसिंगचे मजूर तिकडचेच होते.

"घरोघरी चुली पेटवा," ती बायांना म्हणाली. "भगोनं चुलीवरून उतरवूच नोका. कोन हात लावते ते पाहू."

"अन् नाई आयकलं त्यायनं तर?" मी विचारलं. "ग्यानबाले तरी भायेर ठेवू."

"त्याले भायेर काढलं म्हंजे घर सोडलंच ना आपून. आपलेच पोट्टे हायेत, युसूफभाऊ. पेटत्या चुलीवर सब्बल चालवतीन का?"

सकाळी पोलिसांची गाडी आली, तिच्यामागे ट्रॅक्टर, त्यामागे लोखंडी सब्बली आणि फावडी घेतलेले मजूर. पुढे होता जगदेव, गोमतीबाईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. वस्तीभर धूर कोंदला होता, घरोघरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या कण्या रटरटत होत्या. जगदेव मावशीच्या दारात वाकला, आतली चूल पाहिली आणि सब्बल खाली टाकली.

"चूल पेटली हाय, मालक. आमी नाई हात लावत."

बाकीच्यांनीही अवजारं टाकली. बायांनी जयभीमचा असा घोष केला की मला रडूच फुटलं. पहिल्यांदाच आम्ही जिंकलो होतो.

रतनसिंगनं जगदेवच्या कानफटात मारली. दुसरी मारायला हात उचलला, तर वस्तीतल्या चंपाबाईनं फेकलेली गिट्टी त्याच्या कपाळावर बसली. मग काय, फौजदारानं शिट्टी फुंकली. लाठ्या डोकं बघेनात की मनगट. चंपाबाईचे पुढचे दात पडले. एका शिपायाचा डोळा फुटला. माझ्या बायकोला, अमिरुन्निसाला, एकानं केस धरून ओढलं. त्याच्या हाताचा मी लचका तोडला, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

त्या गदारोळात ट्रॅक्टरवाल्यानं गोमतीबाईच्या झोपडीच्या खांबाला साखळी अडकवली. तो परमुलखातला, त्याला ही रीत ठाऊक नव्हती, आणि ट्रॅक्टरवरून चूलही दिसत नव्हती.

"खींच!" रतनसिंग ओरडला.

"मानूस हाय आत!" गोमतीबाई किंचाळली. दोन शिपायांनी तिचे हात पिरगाळून धरले होते.

खांब निघाला. वाळलेलं छप्पर सगळंच्या सगळं पेटत्या चुलीवर बसलं आणि भडका उडाला. आतून ग्यानबाच्या हाका आल्या, "गोमे! गोमे!" जगदेव आगीत घुसला आणि खाट ओढत बाहेर आला. त्याच्या हातांची कातडी सोलून निघाली होती. खाटेवरच्या ग्यानबात काही उरलं नव्हतं.

पऱ्हाट्यांना जळायला वेळ लागत नाही. सगळी रांग बघता बघता राख झाली. रतनसिंग कपाळाला रुमाल लावून फौजदाराला सांगत होता, "यायनंच लावली आग, साहेब. चुली कोनं पेटवल्या ते इचारा."

फौजदारानं प्रेत गाडीत टाकायचा हुकूम दिला. गोमतीबाई खाटेवर आडवी पडली.

"मयत घराच्या दारातून निघते, साहेब. मी याले कोन्त्या दारातून काढू? सांगा मले. कोन्त्या?"

जगदेव उठला. ट्रॅक्टरच्या साखळीतला खांब त्यानं सोडवला, ढिगातून दुसरा उपसला आणि जिथे झोपडीचं दार होतं तिथे त्या सोललेल्या हातांनी रोवायला लागला. घरं पाडायला आलेले मजूर फावडी घेऊन धावले. त्यांनी माती दाबली, वर आडवं लाकूड बांधलं.

"उपटा ते!" रतनसिंग बोंबलला.

शिपाई पुन्हा तुटून पडले. एका खांबाला जगदेवनं मिठी मारली, दुसऱ्याला मी. लाठ्या पाठीवर, मानेवर, बोटांवर बसत होत्या. माझ्या दोन बरगड्या तिथेच मोडल्या. जगदेवचं रक्त लाकडावरून खाली ओघळत होतं. आम्ही खांब सोडले नाहीत.

बायांनी खाट राखेतून फिरवून घराच्या मागच्या बाजूनं आत आणली आणि आम्हा दोघांच्या मधून ग्यानबाला त्याच्या घराबाहेर काढलं. गोमतीबाई पुढे चालत होती.