पान सत्तेचाळीसचं शुद्धिपत्र

"लिही," श्रीपादकाका म्हणाले, "पान सत्तेचाळीसवर आमच्या डीटीपी ऑपरेटरच्या चुकीने निरर्थक मजकूर छापला गेला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मी 'चुकीने'पर्यंत आले आणि हात मांडीवर घेतले.

"आता काय झालं?"

"चूक लिहिते काका. माफी पण लिहिते. निरर्थक नाही लिहिणार."

"अगं, मग काय लिहिणार? अर्थपूर्ण?"

एकोणीस वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या या प्रेसमध्ये बसते. शीळफाट्याहून बस, मग रिक्षा, मग दिवसभर हा कॉम्प्युटर. पत्रिका, पावतीपुस्तकं, हळदीकुंकवाची कार्डं, ज्यांनी आयुष्यात चार ओळी लिहिल्या नाहीत त्यांची षष्ट्यब्दीपूर्तीची पुस्तकं. लोकांचा मजकूर वेळेवर कधी येत नाही. मग पानाची मांडणी दाखवायला तिथे काहीतरी खोटा मजकूर भरावा लागतो. सगळे 'येथे मजकूर येईल, येथे मजकूर येईल' असं पानभर भरतात. मीही दहा वर्षं तेच भरलं. एक दिवस वीट आला. म्हटलं, नाहीतरी पुसायचंच आहे, तर माझं का भरू नये?

माझं म्हणजे काय, तर मी शब्द करायचे. आमचे बाबा, राघो भोईर, जन्मभर मिठागरात राबले. पायाखाली मीठ मोडतं त्या आवाजाला कुठल्या पुस्तकात शब्द नव्हता, म्हणून मी केला, खिरखिस. भर दुपारी पांढऱ्याकडे बघून डोळे रिकामे होतात, ते पांढुळणं. पाणी जातं आणि मीठ दिसायला लागतं तेवढा वेळ, सुकवेळ. हे शब्द मी ओळीत नाही लिहायचे. मिठागराचे चौकोन असतात तसे मांडायचे, कडेला गर्दी आणि मध्ये मोकळं:

खिरखिस   खिरखिस   खिरखिस
पांढुळ                                  पांढुळ
सुकवेळ   सुकवेळ   सुकवेळ

असे बारा चौकोन पानभर. क्लायंट बघायचे, म्हणायचे, मस्त दिसतंय, आता आमचं टाका. मी पुसून त्यांचं टाकायचे. नऊ वर्षांत एकाही माणसाने विचारलं नाही की हे काय आहे.

डोंबिवलीच्या त्या सांस्कृतिक मंडळाची स्मरणिका आली तेव्हाही तसंच झालं. पान सत्तेचाळीस, अध्यक्षीय मनोगत. अध्यक्ष प्रफुल्ल दामले, बँकेतून रिटायर झालेले. रोज म्हणायचे, आज पाठवतो. आमच्याकडे नियम असा की प्रत्येक पानाच्या प्रुफावर क्लायंटने 'छापावे' लिहून सही केल्याशिवाय मशीन फिरत नाही. काकांनी भिंतीवरच लिहून ठेवलंय. साहेबांनी गाडीत बसल्या बसल्या चौसष्ट पानांवर सह्या केल्या. सत्तेचाळीसवरही. स्वतःचं पान त्यांनी वाचलं नाही आणि ते पुसायचं राहिलं हे मलाही आठवलं नाही. शनिवारी मंडळाच्या दोन दिवसांच्या संमेलनात प्रकाशन झालं. वर ठसठशीत 'अध्यक्षीय मनोगत', खाली माझं मिठागर.

शनिवारी साहेबांनी फोनवर काकांना जे जे सुनावलं ते मी ऐकलं होतं. चूक माझी होती, मी मान खाली घालून उभी राहिले. एक प्रत मात्र घरी नेली. रविवारी बाबांनी ते पान मांडीवर घेतलं. त्यांना वाचता येत नाही. बराच वेळ बघून त्यांनी मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"यो आपला आगर," ते म्हणाले. "मधी पानी हाय अजून. सुकला नाय."

आता सांगा, मी निरर्थक कशी लिहू?

"कल्पिता, हट्ट करू नकोस," काका म्हणत होते. "सातशे प्रती अजून आपल्याकडे बांधून पडल्यात. साहेब येतील, पत्र बघतील, विषय संपेल. नाहीतर मंडळाचं काम गेलं समज. आणि काम गेलं तर मला एक खुर्ची कमी करावी लागेल. कुठली, ते तुला कळतंय."

तेवढ्यात दार ढकलून साहेबच आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कोणाच्या प्रेसमध्ये आले.

"श्रीपादराव, तोंड गोड करा! काल संमेलनाच्या दुसऱ्या सत्रात मंदाकिनीबाई आल्या होत्या. कॉलेजात मराठी शिकवायच्या त्या. भर सभेत उभं राहून पान सत्तेचाळीस वाचलं हो त्यांनी! म्हणाल्या, अध्यक्षांनी मराठीला नवे शब्द दिले. टाळ्याच टाळ्या!"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"आता भर सभेत काय म्हणणार? नमस्कार केला." ते माझ्याकडे वळले. "ते पत्रबित्र राहू दे आता. उरलेल्या प्रती अशाच जाऊ देत. आणि दिवाळीला असंच अजून एक पान बनवून द्या मॅडम. जमेल ना?"

काकांचा जीव भांड्यात पडला. पेढा तोंडात टाकून मला डोळ्यांनी खुणावू लागले, गप्प बस, सुटलो आपण.

माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. शनिवारी ती डीटीपीवालीची चूक होती. रविवारी टाळ्या पडल्या तर सोमवारी अध्यक्षांची कविता?

"साहेब, खिरखिस म्हणजे काय?"

"म्हणजे... नवकविता आहे ना ती. अर्थ वाचकाने लावायचा."

"वाचकाने लावावा ना. तुमची कविता आहे म्हणता, तर तुम्हाला तो आवाज कुठे ऐकू आला ते सांगा."

ते हसले. "अहो, तुम्ही कॉम्प्युटरवर बसता, चार अक्षरं इकडेतिकडे झाली..."

"माझे बाबा चाळीस वर्षं त्या आवाजावर चाललेत. मिठाने त्यांच्या टाचा फाटलेल्या आहेत. इकडेतिकडे काही झालेलं नाही. एकेक शब्द मी केलाय."

"श्रीपादराव, ह्या काय बोलतायत?"

"कल्पिता!" काका ओरडले.

"काका, मला काढा, पण आधी ऐका. तुमचं काम वाचवायला मी चूक कबूल केल्याचा कागद लिहून द्यायला तयार होते. ह्यांना मिरवायला कविता नाही देणार."

साहेब पेढ्यांचा बॉक्स तिथेच ठेवून तणतणत गेले. जाताना म्हणाले, बघून घेतो. बघा म्हटलं.

मग मी पुन्हा खुर्चीत बसले. जोवर खुर्ची आहे तोवर ती माझीच. काकांचं माफीपत्र अर्धं होतं, ते पुसलं. प्रत्येक प्रतीत घालता येईल अशा चिठ्ठीच्या मापाचं पान घेतलं आणि टाईप केलं: 'शुद्धिपत्र. पान ४७ वर अध्यक्षीय मनोगत हे शीर्षक चुकीने छापले गेले. त्याखाली छापलेली कविता कल्पिता राघो भोईर यांची आहे. चुकीबद्दल दिलगीर आहे. कल्पिता भोईर, डीटीपी.'

प्रूफ काढून काकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. रागाने त्यांचे कान लाल झाले होते, पण कागद फाडला नाही. बेचाळीस वर्षं छापखाना चालवलेला माणूस. शेवटी भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "क्लायंटच्या सहीशिवाय आपल्याकडे काही छापत नाहीत."

"माहितीय," मी म्हणाले. त्यांच्याच खिशातलं पेन काढलं, चिठ्ठीच्या तळाशी लिहिलं 'छापावे' आणि त्याखाली पूर्ण नावाची सही केली. एकोणीस वर्षांत या प्रेसमध्ये मी केलेली ती पहिली 'छापावे'.

काका सहीकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला.

"उद्यापासून काय करशील?"

"ते उद्या बघू."

"किती काढायच्यात?"

"सातशे," मी म्हणाले. "आणि एक जास्तीची."

ती बाबांसाठी. त्यांना वाचता येत नाही. पण या वेळी बोट मी ठेवेन, त्यांच्या नावावर.